बर्फाशिवाय उडणारा गवंडी : कार्ल हॉवेलसेन

हिवाळी ऑलिम्पिकच्या दिवसांत टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी स्की जंपिंग बघितलं असेल. पायाला दोन लांबलचक पट्ट्या बांधलेला एक माणूस उंचावरच्या आडव्या दांडीवर बसलेला असतो. हिरवा दिवा लागतो, तो दांडी सोडतो, घसरगुंडीवरून ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो आणि मग थेट हवेत! शंभर-सव्वाशे मीटर पुढे जाऊन तो इतक्या सहज उतरतो, की जणू बसमधूनच उतरला. आपली समजूत अशी, की हा खेळ बर्फाचा. पण मित्रांनो, हाच खेळ जुलै-ऑगस्टच्या उन्हात, हिरव्या प्लॅस्टिकच्या चटयांवरसुद्धा खेळला जातो. त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात आणि हिवाळ्यातले चॅम्पियन त्यात उतरतात.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात स्टीमबोट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. तिथे ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, गावाच्या टेकडीवर अशा प्लॅस्टिकवरच्या उड्यांचा कार्यक्रम होत आला आहे. या टेकडीचं नाव हॉवेलसेन हिल. ज्याच्या नावाची ही टेकडी, तो कार्ल हॉवेलसेन पेशाने गवंडी होता. प्लॅस्टिकच्या चटया निघाल्या १९५४ मध्ये. त्याच्या ४७ वर्षं आधी, बर्फाचा एक कणही नसताना, या गवंड्याने स्की लावून उड्या मारल्या होत्या. त्या त्याने स्पर्धेसाठी मारल्या नव्हत्या, पोटासाठी मारल्या होत्या.

अशा माणसाची गोष्ट इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात कशाला, असं कुणी विचारेल. पुढे वाचा, आपोआप कळेल.

मेडल आहे, काम नाही

कार्लचा जन्म १८७७ चा, नॉर्वेतल्या क्रिस्तियानियाचा. हे म्हणजे आजचं ओस्लो. शहराचं नाव १९२५ मध्ये बदललं. नॉर्वेत स्की हा खेळ नंतर झाला, आधी ते चालायचं साधन. कोकणात खाडीकाठच्या माणसाला होडी जशी, तशी तिथल्या माणसाला स्की. शाळेत जायचं, लाकडं आणायची, शेजारच्या गावात जायचं, सगळं त्या दोन पट्ट्यांवर. त्यातूनच मग कोण लांब उडी मारतो याच्या पैजा लागल्या आणि खेळ तयार झाला.

क्रिस्तियानियाजवळ होल्मेनकोलेन नावाची टेकडी आहे. १८९२ पासून तिथे स्कीचा मोठा महोत्सव भरतो. क्रिकेटवाल्यांना लॉर्ड्स जसं, तसं स्कीवाल्यांना होल्मेनकोलेन. पहिल्या वर्षी तिथली सर्वांत लांब उडी होती साडेएकवीस मीटरची. आज स्की फ्लाइंगच्या महाकाय टेकड्यांवर लोक अडीचशे मीटरच्या पुढे जातात, यावरून खेळ कुठून कुठे आला याचा अंदाज करा.

१९०३ मध्ये याच होल्मेनकोलेनला सव्वीस वर्षांच्या कार्लने ५० किलोमीटरची शर्यत जिंकली. शिवाय नॉर्डिक कंबाइंड नावाचा प्रकारही जिंकला. नॉर्डिक कंबाइंड म्हणजे एकाच खेळाडूने लांब पल्ल्याची शर्यतही पळायची आणि उडीही मारायची. एकीकडे मॅरेथॉनवाल्याचा दम, दुसरीकडे जिम्नॅस्टचं धाडस. दोन्ही एका शरीरात असणं अवघड असतं, म्हणून नॉर्वेत या विजेत्याला फार मान. त्या वर्षीचं होल्मेनकोलेन पदक कार्लला मिळालं. नॉर्वेतल्या स्कीवाल्यांसाठी याच्या वर फारसं काही नाही.

पण खेळ हौशी होता. म्हणजे मान मिळायचा, पैसा नाही. कार्लचं पोट भरायचं ते विटा-दगडांवर. आणि तिथेच घोटाळा झाला होता. १८९९ मध्ये क्रिस्तियानियातला बांधकामाचा धंदा बसला. त्याआधी शहरात भराभर इमारती उठत होत्या, बँका कर्जं देत होत्या. मग तो फुगा फुटला आणि पुढची कित्येक वर्षं मंदी राहिली. इमारती बांधल्या जात नाहीत, तिथे गवंड्याला कोण बोलावणार? देशातलं सर्वांत मानाचं पदक मिळवलेला माणूस १९०५ मध्ये बोटीत बसला आणि अमेरिकेला गेला. त्या काळात नॉर्वेतून असे हजारो लोक गेले. कार्ल त्यातलाच एक.

शिकागो : ना डोंगर, ना उतार

तो पोचला शिकागोला. शिकागोत बांधकामाला तोटा नव्हता, त्यामुळे काम मिळालं. पण शिकागो म्हणजे तळहातासारखा सपाट प्रदेश. ज्याचं सगळं आयुष्य उतारावर गेलं त्याला असं शहर मिळावं!

मात्र तिथे नॉर्वेहून आलेले बरेच लोक होते. परगावी गेलेले मराठी लोक जसे चार जण जमले की आधी मंडळ काढतात आणि गणपती बसवतात, तसं या लोकांनी १९०५ मध्ये नॉर्ज स्की क्लब काढला. कार्ल त्याच्या संस्थापकांपैकी होता. शहराबाहेर फॉक्स रिव्हर ग्रोव्ह इथे त्यांनी उडीची टेकडी तयार केली. तो क्लब आजही चालू आहे आणि तिथल्या स्पर्धांना शंभरपेक्षा जास्त वर्षांची परंपरा आहे.

पण क्लब झाला तरी खेळ हिवाळ्यापुरताच. बर्फ वितळला की स्की माळ्यावर आणि हातात थापी. अशा वेळी कार्लकडे एक वेगळंच काम चालून आलं.

व्हॅसलीनची घसरगुंडी

बार्नम अँड बेली ही त्या काळची अमेरिकेतली सर्वांत नावाजलेली सर्कस. दर वसंतात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिचा हंगाम सुरू व्हायचा आणि मग आख्खी सर्कस रेल्वेने गावोगाव फिरायची. रोज दोन खेळ. हत्ती, घोडे, झोपाळे, विदूषक, सगळं होतं. पण प्रेक्षकांना दर वर्षी काहीतरी नवीन लागायचं. १९०७ चं नवीन आकर्षण होतं हवेत उडणारा नॉर्वेचा माणूस. तो आपला कार्ल.

आता प्रश्न असा, की तंबूत बर्फ आणायचा कुठून? त्यावर काढलेली युक्ती अगदी देशी जुगाडासारखी होती. उंचावरून खाली येणारी घसरगुंडी बांधली आणि तिला व्हॅसलीन फासलं. कार्ल वरून स्की लावून घसरत यायचा, शेवटच्या टोकावरून हवेत झेपावायचा, मधलं मोकळं अंतर पार करायचा आणि पलीकडच्या उतरत्या फळीवर उतरायचा. फटका मऊ करायला खाली बर्फ नाही, चुकलं तर लोळत जायला मोकळा उतार नाही. प्रेक्षक अर्थातच वेडे झाले.

इथे जरा आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सकडे वळू या, कारण या गोष्टीतलं खरं पात्र घर्षण आहे.

समजा घसरगुंडीची उंची ३० मीटर आणि उतार ३५ अंशांचा. घर्षण अजिबात नसेल तर खाली येईपर्यंत वेग होईल ताशी ८७ किलोमीटर. घर्षण धरलं तर वेगाचा वर्ग एका अपूर्णांकाने कमी होतो. तो अपूर्णांक म्हणजे एक वजा घर्षणांक गुणिले उताराचा कोटँजंट. चांगल्या बर्फावर घर्षणांक ०.०५ धरा, वेग येतो ८४. म्हणजे फरक जवळपास नाहीच. घर्षणांक ०.२ केला, तर वेग ७४. ०.४ केला, तर ५७.

वेगातला फरक एवढा, पण उडीची लांबी वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. टेक-ऑफ आडवा, उतरायचा उतारही ३५ अंशांचा आणि हवेचा परिणाम शून्य असं मानलं, तर बर्फावरची उडी येते साधारण ९५ मीटर, ०.२ वाली ७३ मीटर आणि ०.४ वाली फक्त ४४ मीटर. माणूस तोच, स्की तीच, टेकडी तीच. फक्त पायाखालचा पृष्ठभाग बदलला आणि निम्म्याहून जास्त उडी गेली.

सर्कशीतली घसरगुंडी एवढी मोठी अर्थातच नव्हती, पण हिशोब तोच. आणि नुसतं घर्षण कमी करून भागत नाही. ते रोज तेवढंच राहायला हवं. व्हॅसलीनचा थर कुठे जाड, कुठे पातळ झाला, गरमीने पातळ होऊन ओघळला, वर धूळ बसली, तर प्रत्येक उडीला वेग वेगळा. मधलं अंतर आणि पलीकडची फळी मात्र ठरलेल्या जागी. वेग कमी पडला तर माणूस फळीच्या अलीकडे, जास्त झाला तर पलीकडे. आपण लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर खोडून परत लिहितो. कार्लला ती सोय नव्हती.

त्याच्या पाठीला दुखापत झाली आणि सर्कस सुटली.

या सगळ्याचा आणखी एक परिणाम झाला. पैसे घेऊन उड्या मारल्या म्हणून कार्ल आता व्यावसायिक ठरला. त्या काळी खेळाच्या जगात हौशी आणि व्यावसायिक यांच्यात अगदी सोवळं-ओवळं असायचं. हौशी खेळाडू म्हणजे सज्जन, पैसे घेणारा म्हणजे तमासगीर, अशी साधारण दृष्टी. ज्यांच्या घरात पैसा होता त्यांना हौशी राहणं सोपं होतं. गवंड्याने काय करायचं? होल्मेनकोलेनच्या विजेत्याला हौशींच्या गटात जागा उरली नाही, ती व्हॅसलीनमुळे.

विटा, रेल्वे आणि डोंगर

१९०९ मध्ये तो कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला गेला. काम पुन्हा गवंड्याचंच. पण इथे एक गोष्ट होती, जी शिकागोत नव्हती. शहराच्या पश्चिमेला आख्खी रॉकी पर्वतरांग उभी होती, हिवाळाभर बर्फाने भरलेली.

आणि गंमत म्हणजे, एवढा बर्फ असून तिथे त्याचा खेळ कुणी करत नव्हतं. स्की होत्या, पण त्या टपालवाल्यांच्या आणि खाणकामगारांच्या. डोंगरातल्या गावांना हिवाळा म्हणजे संकट. रस्ते बंद, धंदा बंद, घरात बसून दिवस मोजायचे. आपल्याकडे कोकणात किंवा घाटावर मुसळधार पावसात होतं तसंच, फक्त तिथे ते चार-पाच महिने चालायचं.

१९११ च्या डिसेंबरअखेरीला कार्ल एका मित्राबरोबर रेल्वेने डोंगरात गेला आणि तिथून स्कीवरून हॉट सल्फर स्प्रिंग्ज नावाच्या गावी पोचला. गावात हिवाळ्याचा एक छोटा कार्यक्रम चालू होता. या दोघांनी तिथेच बर्फाचा चौथरा रचला आणि उड्या मारून दाखवल्या. लोकांनी असलं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं. दीड-दोन महिन्यांतच, १९१२ च्या फेब्रुवारीत, तिथे रीतसर हिवाळी महोत्सव भरला आणि डेन्व्हरहून माणसं रेल्वेने तो बघायला आली. ज्या हिवाळ्यात गावात चिटपाखरू फिरकत नसे, त्या हिवाळ्यात पाहुणे!

स्टीमबोट स्प्रिंग्ज

मग १९१३ मध्ये कार्ल स्टीमबोट स्प्रिंग्जला गेला आणि तिथेच स्थिरावला. हे हजार-बाराशे वस्तीचं गुराख्यांचं गाव, यांपा नदीच्या काठी. तिथल्या एका गरम झऱ्याचा आवाज वाफेच्या बोटीसारखा यायचा, म्हणून गावाचं नाव असं पडलं.

तिथे त्याने काय केलं? कामाच्या दिवसात भिंती बांधल्या आणि हिवाळ्यात गावच्या पोरांना स्की शिकवलं. बस्स, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीतून पुढे जे झालं ते मोठं आहे.

१९१४ च्या फेब्रुवारीत गावाचा पहिला हिवाळी महोत्सव झाला. १९१५ पासून उड्यांची टेकडी नदीपलीकडे, पण गावाच्या अगदी समोर, आज आहे त्या जागी आली. १९१७ मध्ये तिला हॉवेलसेन हिल हे नाव दिलं. नाव दिलं तेव्हा हा माणूस जिवंत होता, चाळिशीचा होता आणि त्याच गावात भिंती बांधत होता. आपल्याकडे माणूस गेल्यावर चौकाला नाव देतात, त्यावरून हा मान केवढा ते कळेल. त्याच वर्षी त्या टेकडीवर हेन्री हॉल नावाच्या खेळाडूने २०३ फुटांची उडी मारली. मीटरमध्ये ६१.९. तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. एका गुराख्यांच्या गावात!

कार्ल स्वतःही उडत राहिला. १९२१ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, कोलोरॅडोतल्या जेनेसी इथे त्याने अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सर्कशीत पाठ दुखावून घेतल्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

महोत्सव आजही भरतो. गावच्या मुख्य रस्त्यावर बर्फ पसरतात, घोड्यामागे दोर बांधून मुलं स्कीवर ओढली जातात. हायस्कूलचा बँड १९३५ पासून पायात स्की घालून वाजवत जातो. ढोल-ताशा पथकाने स्केटिंग करत मिरवणूक काढली तर कसं दिसेल, कल्पना करा. आणि त्या टेकडीवर शिकून ऑलिम्पिकला गेलेल्या खेळाडूंची संख्या शंभराच्या घरात आहे. टॉड लॉडविक सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला. जॉनी स्पिलेन २००३ मध्ये नॉर्डिक कंबाइंडचा विश्वविजेता झाला, अमेरिकेचा पहिला, आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये त्याने तीन रौप्यपदकं मिळवली. हा तोच प्रकार, जो कार्लने १९०३ मध्ये होल्मेनकोलेनला जिंकला होता. गुरूने जे आणलं ते शंभर वर्षांनी शिष्यांच्या शिष्यांनी परत युरोपला नेऊन दाखवलं.

परतीचा प्रवास

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल आईवडिलांना भेटायला नॉर्वेला गेला. तिथे त्याचं लग्न झालं आणि तो परत आला नाही. ज्या गावाने जिवंतपणी टेकडीला नाव दिलं, ते गाव मागे राहिलं. १९२३ मध्ये मुलगा झाला, लाइफ.

पुढे १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला. लाइफ प्रतिकार चळवळीत होता. गेस्टापोने त्याला पकडलं, छळ केला, ग्रीनीच्या छावणीत ठेवलं. तो वाचला. युद्ध संपल्यावर त्याने जर्मनीतच जाऊन दोन्ही देशांत समेट व्हावा म्हणून काम केलं, ते मॉरल री-आर्मामेंट या चळवळीतून. हे नाव काही वाचकांना ओळखीचं वाटेल. आपल्या पाचगणीला एशिया प्लॅटो नावाचं जे केंद्र १९६८ मध्ये सुरू झालं, ते याच चळवळीचं. वडिलांचं चरित्रही पुढे लाइफनेच लिहिलं.

कार्ल १९५५ मध्ये ओस्लोत वारला. १९६९ मध्ये अमेरिकेच्या स्की हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव घातलं गेलं.

मग चटई आली

कार्ल जाण्याच्या एक वर्ष आधीच, १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये, पूर्व जर्मनीतल्या ओबरहोफ इथे एक घटना घडली होती. तिथला स्की जंपिंगचा प्रशिक्षक हान्स रेनर याला प्रत्येक प्रशिक्षकाला असते तीच अडचण होती. बर्फ असतो तीन-चार महिने आणि पोरांची तयारी करायची वर्षभर. त्याने प्लॅस्टिकच्या तंतूंच्या चटया बनवून उतारावर अंथरल्या आणि त्यावर उड्या मारून घेतल्या.

चटई म्हणजे आपण लोळायला घेतो तशी सपाट नाही. खराट्याच्या काड्यांसारखे लांब प्लॅस्टिकचे तंतू, टोकं उताराच्या दिशेने खाली सोडलेली. एका ओळीवर दुसरी ओळ थोडी चढवलेली. झावळ्यांनी शाकारलेलं छप्पर आठवा, तशी रचना. खेळ सुरू होण्याआधी त्यावर पाणी मारतात. पाण्याचा पातळ थर घर्षण कमी करतो आणि घासण्याने तयार होणारी उष्णताही घेऊन जातो. वरच्या घसरगुंडीत स्की ज्या दोन खाचांतून धावते, त्या खाचा उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी सिरॅमिकच्या असतात. त्याही ओल्या ठेवतात.

आता व्हॅसलीनशी तुलना करा. व्हॅसलीन घर्षण कमी करतं, पण ते सगळीकडे आणि दर वेळी सारखं ठेवणं अवघड. ओली चटई मात्र सकाळी जशी, तशीच संध्याकाळी. पहिल्या खेळाडूला जशी, तशीच पन्नासाव्याला. सर्कशीत एकच माणूस उडतो, तिथे निभावून जातं. स्पर्धा घ्यायची तर सगळ्यांना सारखा पृष्ठभाग द्यावा लागतो. कमी घर्षणाने खेळ होतो, सारख्या घर्षणाने स्पर्धा होते. फरक तेवढाच आणि तो भरून यायला ४७ वर्षं लागली.

परिणाम लवकरच दिसले. १९२४ ते १९५२ पर्यंत ऑलिम्पिकमधलं स्की जंपिंगचं प्रत्येक सुवर्ण नॉर्वेने नेलं होतं. १९५६ मध्ये फिनलंडने ते घेतलं आणि पूर्व जर्मनीच्या हॅरी ग्लासला कांस्य मिळालं. १९६० मध्ये रेनरचा शिष्य हेल्मुट रेक्नागेल थेट सुवर्ण घेऊन आला. सगळं श्रेय चटईला देणं बरोबर नाही, पण जो वर्षभर उडतो तो तीन महिने उडणाऱ्याच्या पुढे जाणार, हे सांगायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

१९९४ पासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उन्हाळी ग्रां प्री सुरू केली. नियम हिवाळ्यासारखेच. प्रत्येक टेकडीवर के-पॉइंट नावाची रेषा असते. तिथे उतरलात की साठ गुण. पुढच्या प्रत्येक मीटरला जादा, मागच्या प्रत्येक मीटरला वजा. मोठ्या टेकडीवर हा दर मीटरला १.८ गुणांचा. शिवाय पाच पंच शैलीसाठी प्रत्येकी वीसपैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून मधले तीन धरतात. पोलंडचा आदाम मालिश ही उन्हाळी मालिका तीनदा जिंकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर पोलंडमधल्या विस्वा इथे चक्क हिवाळी विश्वचषकाचीच सुरुवात प्लॅस्टिकवर झाली. घसरगुंडीत बर्फाच्या खाचा आणि उतरायला हिरवी चटई. २०२३ च्या युरोपियन गेम्समध्येही झाकोपाने इथे ऐन उन्हाळ्यात स्की जंपिंग झालं.

शेवटी

कार्लने चटई पाहिली का, त्यावर तो कधी उडला का, याला महत्त्व नाही. तो गेला तेव्हा ती फक्त एक वर्षाची होती. पण त्याच्या टेकडीवर ती आज आहे, आणि गावची पोरं जुलैत त्यावर घसरतात, हे मला फार छान वाटतं. ज्या माणसाला बर्फ नसताना उडल्याबद्दल हौशींच्या बाहेर काढलं, त्याच्याच नावाच्या टेकडीवर बर्फ नसताना उडणं हा आता मानाचा खेळ आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्यातले बरेच जण फायनल इयर झाल्यावर घरापासून लांब जाणार. काहींना ज्या ब्रँचचा अभ्यास केला त्याचं काम मिळेल, काहींना भलतंच मिळेल. त्यातल्या काही नोकऱ्या व्हॅसलीनच्या घसरगुंडीसारख्या असतील. टाळ्या मिळतील, पाठही दुखेल. कार्लची सर्कस एका हंगामात संपली. पोस्टर फाटलं, तंबू उठला. स्टीमबोटच्या पोरांना त्याने जे शिकवलं ते मात्र अजून चालू आहे. त्या गावात तो दहा वर्षंसुद्धा राहिला नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर हिरव्या उतारावरून कुणी उडताना दिसलं, तर लगेच चॅनेल बदलू नका. आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा. आणि मग घर्षणांक काढून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल!

— टी. ई. मेकॅनिकल